मी सरळ केलेल्या चादरी

मी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत गाड्या सोडतो. म्हणजे कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या कॅबने आणि कोणत्या गेटवरून घरी पाठवायचं, हे ठरवतो. काम मानाचं आहे (जोराचा पाऊस असला की भले भले मॅनेजर मला 'सर' म्हणतात), पण त्यात कॉम्प्युटरचा संबंध एवढाच की मी त्याच्यासमोर बसतो. सोलापुरात माझ्या सासरी मात्र 'जावई आयटीत' याचा अर्थ 'जावई कॉम्प्युटर बनवतात' असा घेतला जातो. हा गैरसमज दूर करायची मला कधी घाई वाटली नाही.

मी सांगोल्याकडचा, डाळिंबवाल्यांच्या घरातला. बायको स्वप्ना सोलापूरच्या तेलुगू विणकर घरातली. आमचं लव्ह मॅरेज. सासरची मंडळी आपसात तेलुगूत बोलतात, माझ्याशी मराठीत बोलतात, आणि माझ्याविषयी पुन्हा तेलुगूत! घरातला पहिलाच परका जावई म्हणून माझा मान एवढा, की मी नुसतं पंख्याकडे बघितलं तरी तीन जण बटणाकडे धावतात. सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना अत्ता.

मामांचा घरामागेच चादरींचा छोटा कारखाना आहे. नवरा-नवरीचं नाव विणलेल्या चादरी ही त्यांची खासियत. अर्ध्या सोलापूरच्या लग्नांत त्यांनी विणलेली नावं लोकांनी अंगावर घेतलीत. धाकट्या मेहुणीचं, श्रावणीचं लग्न ठरलं तेव्हा मामांनी जाहीर केलं, की वरपक्षाच्या प्रत्येक घराला 'श्रावणी – प्रसाद' विणलेली चादर आहेर म्हणून द्यायची. आता प्रसादचे घरचेही चादरवाले! म्हणजे हलवायाच्या घरी पेढे न्यायचे, तेही स्वतः केलेले.

"शेवटची पोरगी हाय," मामा म्हणाले. "चादर बघून त्यांची माणसं गप झाली पायजेत."

मरून सूत त्यांनी खास रंगवून आणलं. मरून जमिनीवर पिवळी नावं, दोन्ही कडांना मोर. कितीतरी दिवस बसून डिझाईन त्यांनी स्वतः काढलं, पेन ड्राइव्हवर घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरने डोळे मिटले.

हार्ड डिस्क गेली होती. आता कॉम्प्युटर गेला तर नवा आणावा, असं कुणीही म्हणेल. (मीही म्हणालो.) पण मामांचं डिझाईनचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की ते फक्त त्या जुन्या विंडोजवर चालतं. हिरवी टेकडी आणि निळं आभाळ दिसायचं ना पडद्यावर, तीच ती! त्या कॉम्प्युटरला जोडलेलं यंत्र पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतं, त्या पट्ट्या मागावर चढतात, आणि कोणता धागा उचलायचा हे मागाला त्या भोकांवरून कळतं. विंडोज नाही तर भोकं नाहीत, आणि भोकं नाहीत तर नुसतीच कोरी चादर.

"त्यात काय मामा!" मी म्हणालो. "नवी हार्ड डिस्क घालू, जुनी विंडोज बसवू. संपलं."

हे वाक्य मी ऑफिसात कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. मामांचे डोळे भरून आले. शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "बघा! आयटी म्हणतेत त्ये हे!"

मामांना अक्कलकोटच्या पलीकडे पाहुण्यांकडे पत्रिका द्यायला जायचं होतं. निघताना ते एवढंच म्हणाले, "जावईबापू, डिझाईन तयार हाय. त्याला काय करायचं न्हाई. तुमी फक्त कॉम्प्युटर चालू करा." स्वप्नाही ब्लाउज शिवायला टाकलेत ते आणायला बाजारात गेली. म्हणजे मला ओळखणारं एकमेव माणूस घराबाहेर पडलं.

नवी डिस्क बसवणं सोपं गेलं. चार स्क्रू काढले, पाच लावले. (पाचवा कुठून आला याची चौकशी मी केली नाही.) मग जुन्या विंडोजची सीडी शोधायला लागलो. कपाटात नाही, देवघरात नाही, शिलाई मशीनच्या खणात नाही.

"अत्ता, एक चकाकणारी गोल तबकडी होती बघा."

"ती व्हय? ती गच्चीवर हाय की. कबुतरांसाठी बांधलीय."

गच्चीवर पापडांच्या खाटेच्या वर एक दोरी होती आणि तिला मामांची विंडोज लटकत होती. ऊन-वारा खाऊन तिचा रंग उडाला होता, आणि कबुतरांनी तिच्याविषयीचं आपलं मत जागोजाग नोंदवलं होतं. मी ती सोडवली, साबणाने धुतली, टूथपेस्टने घासली, श्रावणीने ती साखरपुड्याच्या ओढणीने पुसली. सीडी ड्राइव्हचं दार उघडेना, तर अत्तांनी केसातली पिन काढून दिली. सारं घर कामाला लागलं. मला तर ऑपरेशन थिएटरमध्ये उभं असल्यासारखं वाटत होतं.

निळा पडदा आला. पांढरी अक्षरं सरसर वर गेली. आणि खाली वाक्य उमटलं, की या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच नाही!

"काय म्हणतोय?" अत्तांनी विचारलं.

"डिस्क नाही म्हणतोय."

"आत्ता तर बसवली की तुमी! आंधळा हाय का काय!"

मी बाजूला जाऊन ऑफिसातल्या रोहनला फोन लावला. रोहन आमच्याकडचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. मी त्याला रोज रात्रीच्या गाडीत खिडकीची जागा देतो.

"बोला सर. गाडी रद्द झाली का?"

"नाही रे. जुन्या विंडोजला नवी डिस्क दिसत नाही."

"सर, तुम्ही स्वतः करताय? आजूबाजूला कोणी मोठं माणूस नाही का?"

मग त्याने सांगितलं, की जुन्या विंडोजला नव्या पद्धतीची डिस्क ओळखताच येत नाही. कॉम्प्युटर चालू होताना एक बटण दाबत राहायचं, आतल्या सेटिंगमध्ये शिरायचं आणि डिस्कला जुन्या पद्धतीने वागायला लावायचं. नव्या सुनेला सांगतात तसंच. मी ते बटण इतका वेळ दाबून धरलं की अत्तांनी मध्येच विचारलं, "दुसरं बोट लावू का मी?"

आणि जमलं! खरंच जमलं! दुपार व्हायच्या आत पडद्यावर हिरवी टेकडी उगवली. अत्तांनी कॉम्प्युटरसमोर नारळ फोडला (पाणी कीबोर्डवर, पण थोडंच). श्रावणी ओरडली, "बावा, तुम्ही ग्रेट आहात!" तेलुगूत मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला बावा म्हणतात. त्या क्षणी मी नोकरी बदलायचा विचार गंभीरपणे केला.

मग डिझाईनचं सॉफ्टवेअर टाकलं, पेन ड्राइव्ह लावला, मामांचं डिझाईन उघडलं आणि खुर्ची पुढे ओढून पुन्हा बघितलं.

मोर ठीक होते. पण नावं उलटी होती! आरशात दिसावीत तशी. 'श्रावणी'चा श्र उजव्या टोकाला जाऊन तोंड फिरवून उभा, आणि प्रसाद लग्नाआधीच तिच्या दुसऱ्या बाजूला!

मी पुन्हा रोहनला गाठलं. "अरे, अक्षरं उलटी दिसतायत."

"सर, असं होत नसतं."

"होतंय रे, मी बघतोय ना!"

"बाकी सगळं? घड्याळ, फोल्डरची नावं?"

"ती सरळ आहेत. फक्त माझी मेहुणी उलटी आहे."

रोहन म्हणाला की त्याला दुसरा फोन येतोय.

मी निदान केलं. जुनी विंडोज नव्या डिस्कवर नीट बसलेली नाही, अवघडून बसली आहे. किंवा कबुतरांमुळे सीडीतला काही भाग खराब झाला असावा. किंवा टूथपेस्ट चुकीच्या दिशेने घासली गेली असावी! मी डिस्क पुसून विंडोज पुन्हा बसवली. नावं उलटीच. सीडी पुन्हा धुतली, या वेळी लिंबू लावून, आणि पुन्हा बसवली. नावं आपली तशीच.

मागे दारात अत्ता, श्रावणी आणि माग चालवणारे इस्माईलभाई उभे होते. तिघांत तेलुगूत आणि दखनीत कुजबुज चालली होती.

"बावा, ते नानांनी मुद्दाम..." श्रावणी म्हणाली (वडिलांना ती नाना म्हणते) आणि एकदम "आई गं!" करून दंड चोळायला लागली.

"काही नाही, काही नाही," अत्ता घाईघाईने म्हणाल्या. "तुमचं चालू द्या. यांना फोन लावू का?"

"छे!" मी म्हणालो. आयटीतल्या जावयाने असल्या गोष्टीसाठी सासऱ्यांना फोन करायचा?

आणि मग, मित्रहो, मला ते बटण सापडलं. सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात दोन त्रिकोण एकमेकांकडे तोंड करून उभे होते. मी दाबून बघितलं. टप्! नावं सरळ! श्रावणी डावीकडे, प्रसाद उजवीकडे, सगळं जागच्या जागी. मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, "झालं! मामांच्या लक्षात आलं नसेल. डिझाईन उलटं झालं होतं. मी सरळ केलं."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आदराने बोलती बंद झाली असणार, असं मी धरून चाललो.

भोकं पाडणाऱ्या यंत्राने खटाखटा पट्ट्या काढल्या, इस्माईलभाईंनी त्या मागावर चढवल्या आणि माग सुरू झाला. अक्षरं हळूहळू वर येऊ लागली. सरळ, स्वच्छ, वाचता येतील अशी!

"जावईसाब," इस्माईलभाई म्हणाले, "नावं सीधी दिसायलीत की!"

"दिसणारच! मी सरळ केलीत."

"क्या बात है! उमर गई इस माग पे. बुनते बुनते पढने को पहली बार मिल रा!" आणि ते खरंच प्रत्येक चादरीला मोठ्याने वाचायला लागले, "श्रावणी... प्रसाद... श्रावणी... प्रसाद..."

मी मागाचा फोटो काढून दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'टेक्नॉलॉजी आणि परंपरा!' प्रसादच्या घरून भराभर अंगठे आले. एक-दोघांनी मात्र प्रश्नचिन्हं टाकली होती. मी त्यांना नमस्कार पाठवला.

सगळं मरून सूत संपेपर्यंत माग चालला. मग इस्माईलभाईंनी चादरी कापल्या आणि पहिली खाटेवर पसरली, चांगली बाजू वर करून.

नावं उलटी होती.

मी डोळे चोळले. चादरीच्या डोक्याकडून बघितलं, पायाकडून बघितलं. मान वाकडी करून बघितलं. तिकडूनही तसंच.

"हे... हे कसं?"

इस्माईलभाईंनी फार मायेने समजावलं. आमच्या कारखान्यात चादरीची चांगली बाजू मागावर खाली असते. वरून तेलाचा थेंब पडतो, तूस पडतं, ते मागच्या बाजूवर पडावं म्हणून. त्यामुळे वरून विणताना नाव उलटं दिसलं, तरच चांगल्या बाजूवर ते सरळ उमटतं. म्हणून मामा डिझाईन काढतानाच उलटं काढतात. कायमच!

म्हणजे विंडोज पहिल्याच फटक्यात उत्तम बसली होती. सीडी ठणठणीत होती. कबुतरं निर्दोष होती!

"तुम्हाला माहीत होतं?" मी किंचाळलो.

"हौ."

"मग बोलला का नाहीत?"

"दामाद हैं ना आप. मेरे को लगा, पुणे में ऐसाच चलता होंगा."

मी अत्तांकडे वळलो. "आणि तुम्ही?"

"मला वाटलं," अत्ता पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुमी आयटीतले. पुढं कुठंतरी परत उलटं करनार असाल."

श्रावणीने दंड पुढे केला. चिमट्याची खूण अजून लाल होती. "मी सांगत होते बावा. अम्मा म्हणाली, जावयाला नाही बोलायचं."

एवढ्यात स्वप्ना पिशव्या घेऊन आली. खाटेवरची चादर बघितली, मग माझा चेहरा बघितला. तिला काही सांगावं लागलं नाही. "यानं केलं? कॉम्प्युटरचं काम तुम्ही याला दिलं? अहो अम्मा, हा ऑफिसात रिक्षा स्टँड चालवतो!" (कॅब. पण ती वेळ दुरुस्तीची नव्हती.)

मी गच्चीवर जाऊन पापडांच्या शेजारी बसलो. हसण्यासारखं आता त्यात काही उरलं नव्हतं. मरून सूत संपलं होतं, पुन्हा रंगवून आणायला सवड नव्हती. प्रसादकडची चादरीतली दर्दी माणसं मांडवात घडी उघडणार, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींची नावं बिनचूक विणणाऱ्या माणसाने स्वतःच्या लेकीचं नाव उलटं विणलं म्हणणार. मला खरोखर रडू आलं. कबुतरं जवळ येऊन बसली. त्यांना हाकलायला आता काही नव्हतंच.

संध्याकाळी मामांच्या मोटारसायकलचा आवाज आला. मी खाली उतरलो. सगळे खाटेभोवती उभे होते, आणि खाटेवर घाईने पसरलेल्या दोन गोधड्या होत्या. मामांनी गोधड्या उचलल्या. चादर बघितली. त्यांच्या कपाळावरची शीर हलली.

"डिझाईन कुणी फिरवलं?"

अत्तांनी छताकडे बघितलं. इस्माईलभाई म्हणाले, "कॉम्प्युटरने." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

"मी फिरवलं मामा," मी म्हणालो. "मला वाटलं, तुमचं चुकलंय."

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चादरीची दोन टोकं धरली, फाट्‌कन झटकली आणि पालथी टाकली.

पिवळीधमक जमीन. त्यावर मरून नावं. श्रावणी, प्रसाद. सरळ!

आता ऐका. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी विणलेली असते. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तो दुसऱ्या बाजूला नक्षीचा. हे साऱ्या सोलापूरला ठाऊक आहे. नावं पालथ्या बाजूला सरळ आली आहेत, हे घरातल्या सगळ्यांना दुपारपासून ठाऊक होतं. पण मामांनी मरून जमीन म्हटलं होतं, ती पिवळी करायची का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकट्या मलाच ठाऊक नव्हतं. लग्नापासून रोज रात्री मी तसलीच चादर अंगावर घेतो!

मामा त्या पिवळ्या रंगाकडे बघत राहिले.

"हळदीचा रंग," ते शेवटी म्हणाले. "पोरीच्या लग्नाची चादर... आन मी मरून धरून बसलो होतो." मग त्यांनी श्रावणीला जवळ घेतलं, आणि अत्तांनी डोळ्यांना पदर लावला. रडण्यात माझाही आवाज होता, बहुतेक सगळ्यात मोठा.

सगळ्या चादरींच्या किनारी पिवळी बाजू वर धरून शिवल्या. त्या रात्री स्वप्ना माझ्याशी बोलली नाही, पण हसताना मी तिला दोनदा पकडलं.

लग्नात आहेर दिले गेले. प्रसादचे काका म्हणजे चादरीतले जाणकार. त्यांनी पोत चोळला, चादर उलटी करून पाहिली, पुन्हा सरळ केली आणि मामांना म्हणाले, "सगळे मरून वर घेतेत. तुमी पिवळं वर घेतलंय. लई भारी! डोकं कुनाचं?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "थोरल्या जावयाचं. आयटीत असतेत."

काका उठून माझ्याजवळ आले. "साहेब, आमचाबी डिझाईनचा कॉम्प्युटर बंद पडलाय बघा. नवी हार्ड डिस्क आनून ठेवलीय. जुनी विंडोज टाकायला मानूस मिळंना. तुमी याल का?"

मी कॉलर सारखी केली. घसा साफ केला. "त्यात काय काका," मी सुरुवात केली, "नवी डिस्क घालू, जुनी..."

"ए!" मागून मामा ओरडले. "गप जेवायला बस की!"

सगळी पंगत वळून बघायला लागली. अत्तांच्या हातातला डाव तसाच राहिला. लग्नापासून मामांनी मला 'तुमी'शिवाय हाक मारली नव्हती. अशी हाक त्या घरात फक्त पोटच्या पोरांना मिळते. मला एवढा आनंद झाला, की मी पानावर जाऊन बसलो आणि काकांचा फोन नंबर घ्यायचं साफ विसरून गेलो.

त्यांचा कारखाना अजून व्यवस्थित चालू आहे म्हणतात.